जुलेखाआपाचं बेसूर गाणं

जुलेखाआपाला गाता येत नाही. हे मी तिची शेजारीण म्हणून सांगते, आणि लहानपणी पुण्यात गाण्याच्या क्लासला जाऊन दोन-तीन परीक्षा दिलेली बाई म्हणूनही सांगते. तिच्या घरच्यांचंही याबाबतीत दुमत नाही. दाभोळच्या खाडीकाठी तिचं गाव. तिथे लग्नघरात बायका हळदीची गाणी म्हणायला बसल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "जुलेखा, जा गो, जरा चहाचं बघ." ती हसत उठायची आणि चहाचं बघायची. तिची आई हव्वाबी मात्र गावातली पहिली गाणारी. ती आल्याशिवाय हळद लागत नसे.

आम्ही दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये आपा, तिची मुलगी मुनिबा आणि जावई शाहबाज असे तिघं राहत होते. शाहबाज जेबेल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत, मुनिबा अल बर्शातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. माझं ऑफिस जेएलटीत. सामान लावून होतंय न होतंय तोच आपा घावन आणि नारळाचा रस घेऊन दारात उभी. "मराठी ऐकू आलं, म्हणून आले," म्हणाली. तेव्हापासून आमचा रेयांश अर्धा तिच्याकडेच वाढला. तो तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, ती त्याच्याशी कोकणीत, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडायचं नाही.

मूल सांभाळायची तिला सवयच होती. उमेदीची सगळी वर्षं तिने त्यातच घालवलेली. नवरा अहमद मच्छीमार बोटीवर तांडेल होता. साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा मुनिबा जेमतेम चालायला लागली होती. गावातल्या कुणाच्या तरी ओळखीने जुलेखाला दुबईत एका घरी बाळ सांभाळायचं काम मिळालं. आपलं चालायला लागलेलं मूल आईच्या ओटीत टाकून ती दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला विमानात बसली. विमानात तिला छातीशी हात घट्ट धरून बसलेली पाहून शेजारच्या माणसाने विचारलं, "डर लग रहा है क्या?" ती "हो" म्हणाली. काय सांगणार दुसरं?

ते घर नॉर्वेच्या लोकांचं होतं. साहेब तेलाच्या कंपनीत इंजिनियर, मॅडमचं नाव बेरित. जुमेराला बुटकं पांढरं घर, मागे निंबाचं झाड. त्यांच्या भाषेत धन्यवादाला 'ताक्' म्हणतात. पहिले काही दिवस मॅडम 'ताक्' म्हणाल्या की जुलेखा मुकाट्याने फ्रिजमधून लबान, म्हणजे इथलं ताक, काढून ग्लासात ओतून आणून द्यायची. मॅडमही मुकाट्याने पीत होत्या. या देशात धन्यवाद म्हटलं की ताक देतात, अशी त्यांची समजूत झाली असावी. पुढे उलगडा झाला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हसल्या, असं आपा सांगते. त्या दिवशी तिला त्या घरात पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि ते तान्हं मूल म्हणजे सिन्ने. पांढुरके केस, सतत सर्दी. जुलेखाने तिची सिनू केली. नॉर्वेच्या लोकांना 'ज'चा 'य' करायची सवय, त्यामुळे सिनूने जुलेखाची युला केली. सिनूला झोप लागायची नाही. मॅडमनी पुस्तकं वाचली, डॉक्टरांना विचारलं. शेवटी जुलेखाने तिला मांडीवर घेतलं आणि जे येत होतं ते म्हणायला लागली. अंगाई तिला येत नव्हती. येत होतं ते आईच्या तोंडून ऐकलेलं हळदीचं गाणं:

पलीकडच्या काठी दिवा लागला,
कुणाच्या गो दारात?

"तिथे कोण होतं मला चहाला पाठवायला?" आपा मला म्हणाली होती. "म्हटलं पोटभर. पोरगी झोपली."

अकरा वर्षं ती त्या घरात राहिली. सिनू तिच्याबरोबर माशांचे काटे काढायला शिकली, हिंदी शिकली आणि हिंदीत मिसळून कोकणीही शिकली. मग दुबईत मंदी आली, कंपन्यांनी माणसं परत पाठवली, तशी ती मंडळीही स्टाव्हांगर नावाच्या आपल्या गावी गेली. विमानतळावर सिनू जुलेखाच्या ओढणीचं टोक मुठीतून सोडेना. मॅडमनी एकेक बोट सोडवलं. जुलेखा पुढे इतर घरी कामाला राहिली, पण पुन्हा कुठल्या मुलाला तिने लाडाचं नाव ठेवलं नाही.

इकडे गावी मुनिबा हव्वाबीजवळ वाढत होती. ती हव्वाबीलाच 'अम्मी' म्हणायची. दोन वर्षांनी एकदा बॅगा भरून आई यायची, तेव्हा ती दाराआड लपायची आणि शेजारपाजाऱ्यांना सांगायची, "दुबईवाली आलीय." हे मला मुनिबानेच सांगितलं, एकदा लिफ्टची वाट बघताना, अगदी सहज. हव्वाबी गेल्यावर, लग्न होऊन शाहबाजबरोबर ती दुबईला आली आणि आईला तिने आपल्या घरी आणलं. "बस झालं आता लोकांच्या घरी," म्हणाली. औषधं, चष्मा, डॉक्टर, काही चुकू दिलं नाही. पण दोघींमध्ये एक अंतर होतं. पाहुण्याची करावी तशी ती आईची काळजी घ्यायची. आईही पाहुण्यासारखीच संकोचून राहायची, स्वतःच्या मुलीच्या घरात डबा उघडण्याआधी विचारायची.

एके दिवशी आपा फोन घेऊन माझ्याकडे आली. बेरित मॅडमचा मेसेज होता, वर्षातून एखादा यायचा तसा. "मृणालिनी, हे काय ते बघ. सिनूचा फोटो दिसतो."

सिनू एकोणीस वर्षांची झाली होती. तरुण गायकांच्या कसल्याशा स्पर्धेत तिने स्वतःचं गाणं म्हटलं होतं. स्पर्धा जिंकली नव्हती, पण गाणं लोकांनी उचललं होतं आणि ते तिकडच्या रेडिओवर दिवसभर वाजत होतं. मी फोनवर भाषांतर करून गाण्याचं नाव वाचलं. 'पलीकडचा उजेड.'

"लाव ना," आपा म्हणाली.

मी लावलं. पियानोचे थोडे सूर आणि एक बारीक, किंचित खरखरीत आवाज. भाषा कळत नव्हती. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज वर चढता चढता, पायरीवरून पाऊल घसरावं तसा थोडा खाली सरकला, आणि मग सावरून वर पोचला. हे घसरणं मला तोंडपाठ होतं. आपा आमच्या किचनमध्ये मेथी निवडताना गुणगुणायची, तेव्हा याच जागी, असंच तिचं पाऊल घसरायचं, आणि मला दर वेळी दात आंबल्यासारखं व्हायचं.

आपाने ओढणी तोंडावर धरली. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ओढणी काढली तर ती हसत होती. "या अल्ला! अगो, ही पोरगी माझं बेसूर गाते!"

मी नॉर्वेच्या वर्तमानपत्रात काय लिहून आलंय ते शोधून वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं की हा सूर म्हणजे थंडीत अडकलेला श्वास आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, त्या जागेत उत्तरेकडच्या लांबलचक हिवाळ्याचं सगळं एकटेपण आहे. आपा पोट धरून हसली. "हिवाळा? आमच्या जुमेराच्या घरात एसी बंद पडला होता तेव्हा म्हणायची मी हे!"

मुनिबा क्लिनिकमधून येऊन दारात उभी होती. आमचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे तिला म्हणायचीस," ती म्हणाली. "मला कधी म्हटलंस?"

आपाचं हसू गेलं. मुनिबा उत्तरासाठी थांबली नाही. समोरचं दार उघडून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

त्यानंतर सिनूचं करिअर आम्ही दोघींनी माझ्याच घरात पाहिलं, मुनिबाची ड्यूटी असेल तेव्हा. पहिला अल्बम आला. ओस्लोचा मोठा हॉल भरला. मग स्वीडन, जर्मनी. सिनूचे केस कधी निळे, कधी कापलेले. आपा स्क्रीन जवळ धरून एवढंच बघायची की पोरगी वाळलीय का. मुलाखतीत कुणी विचारलं, हे सूर कुठून येतात, तर सिनू सांगायची, "लहानपणीचे आहेत." पुढे काही सांगायची नाही. मी चिडायचे. "आपा, नाव तरी घ्यावं ना तुझं!"

"माझं काय त्यात? लहानपण तिचंच की."

दुसऱ्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीने तिला इंग्रजीत गायला लावलं. गाणी चकचकीत झाली, नाचायची झाली. आपाने एक ऐकलं आणि फोन मला परत दिला. "पाय घसरत नाही हिचा आता," एवढंच म्हणाली. खरंच, मशीनवर सगळे सूर इस्त्री करून घ्यावेत तसे सरळ केले होते. अल्बम चालला नाही. कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडले, कंपनीने करार संपवला. मॅडमचा मेसेज आला, या वेळी मोठा. सिन्ने आमच्याकडे परत आलीय, आपल्या जुन्या खोलीतच असते, गात नाही, जेवतही नाही नीट.

आपाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ते बोलून पाठवायचं असतं ना, कसं करतात? शिकव."

मी तिला व्हॉइस मेसेज शिकवला. तिने फोन तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "सिनू, युला बोलती है. खाना खाया क्या?" आणि बटण सोडलं.

"बस? एवढंच?"

"मग आणखी काय विचारायचं?"

रोज दुपारच्या नमाजनंतर ती हा एक मेसेज पाठवायची. उत्तर यायचं नाही. सगळे निळे टिक दिसायचे, म्हणजे पोरगी ऐकतेय, एवढं तिला पुरत होतं. मग केव्हातरी एक फोटो आला: पांढऱ्या बशीत भात, त्यावर लालसर कालवण आणि एका बाजूला नीट काढून ठेवलेले काटे. खाली आवाज होता, लहान मुलासारखा: "खाया, युला. मछली मैंने बनाया. तुम्हारे जैसा नाही झाला."

हे मेसेज मुनिबाला कळल्याशिवाय कसे राहतील? फ्लॅट एवढासा. एका शुक्रवारी शाहबाज नमाजला गेलेला, मी रेयांशला न्यायला गेले होते, आणि दारातच मला तिचा आवाज ऐकू आला.

"तिला रोज. जेवलीस का, जेवलीस का. मला आठवड्यातून एक फोन यायचा, तोही शेजारच्या सलमाच्या घरी. मी धावत जायचे. आणि तू दोन शब्द बोलून ठेवून द्यायचीस. मी रिसीव्हर हातात घेऊन उभी राहायचे तिथे, सगळ्यांच्या समोर."

आपा पलंगावर बसून होती. ती म्हणाली, "रडू यायचं गो. गळा भरला की ठेवायचे. तू ऐकशील म्हणून. तुला वाटलं असतं, आईला तिकडे काहीतरी त्रास आहे."

"मला वाटायचं तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये."

मी रेयांशला न घेताच परत फिरले. पण त्यानंतर मुनिबाने ते मेसेज बंद करायला कधी सांगितलं नाही. एकदा आपाचा फोन बिघडला तर दुपारच्या नमाजच्या वेळी स्वतःचा फोन तिच्यापुढे ठेवून ती आत गेली.

सिनू हळूहळू उठली. आधी दुसऱ्या गायकांसाठी गाणी लिहायला लागली, पडद्यामागे राहून. त्यातली काही चांगली गाजली. मग एका छोट्याशा कंपनीसाठी, फक्त गिटार घेऊन, आपल्या भाषेत नवा अल्बम केला. पहिल्या वेळेसारखी गर्दी नव्हती, पण ऐकणारे कान देऊन ऐकत होते. त्या अल्बमचे कार्यक्रम करत करत गेल्या हिवाळ्यात ती दुबईला येणार असं ठरलं. अल कुझमधल्या एका छोट्या हॉलमध्ये, इथल्या युरोपियन लोकांसाठी. मेसेज आला: "युला, मैं आती. जेवायला घाल."

आपाची तारांबळ उडाली. पडदे धुतले, सोफ्याची कव्हरं बदलली. मला म्हणाली, "तू पण ये गो. मला सुचायचं नाही." मला खरी काळजी मुनिबाची होती. पण तिने क्लिनिकमधून सुटी घेतली आणि सकाळपासून किचनमध्ये उभी राहिली. सुरमई तळली, कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सांदणं वाफवली. जेवण थेट हव्वाबीच्या हातचं वाटावं असं, चेहरा मात्र घट्ट.

सिनू मेट्रोने आली. साधी पँट, डोक्यावर टोपी. आम्हाला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. रडारड नाही, धावत येऊन मिठी नाही. ती दारात उभी राहून आपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "युला, तू लहान झाली."

"तूच ताडासारखी वाढलीस," आपा म्हणाली आणि तिची टोपी काढून केसांवरून हात फिरवला.

मग मात्र सिनूने तिथेच चपला काढल्या, जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. ते ऐकताना मला कसंसंच झालं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ही बाई, पण तिची हिंदी आणि कोकणी अकराव्या वर्षीच थांबलेली. "मला भूक लागली हाय. काटा मी काढते, मला येतो." मुलाखतीत जगाशी बोलणारी गायिका इथे शाळेतून आलेल्या पोरीसारखी बोलत होती. शाहबाजला हसू आवरेना. मुनिबा वाढत होती. सिनूने तिसरी भाकरी मागितली तेव्हा मुनिबाच्या कपाळावरची एक आठी, मी पाहिली, सैल झाली.

जेवणं झाल्यावर सिनूने मुनिबाकडे वळून इंग्रजीत विचारलं, "ते गाणं... तू तर ते ऐकतच मोठी झाली असशील ना?"

आपा बशा गोळा करत होती, तिचा हात तसाच राहिला.

"नाही," मुनिबा म्हणाली. "मी बरोबर गाणं ऐकत मोठी झाले."

"बरोबर?"

"माझी आजी म्हणायची. नीट, सुरात. तू म्हणतेस ते चुकीचं आहे."

तिला लागावं म्हणूनच ती हे बोलली होती. पण सिनू पुढे सरकली. "म्हणशील?"

मुनिबाने माझ्याकडे पाहिलं, शाहबाजकडे पाहिलं. मग भिंतीकडे बघत म्हणायला लागली. मी तिला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. भरीव, मोकळा आवाज, कसलाही आव न आणलेला. पलीकडच्या काठी दिवा लागला, कुणाच्या गो दारात... ती नेमकी जागा आली आणि आवाज सरळ, सहज वर गेला आणि तिथे थांबला. मला पहिल्यांदाच कळलं की ते गाणं मुळात कसं होतं.

आपा बशा खाली ठेवून बसली होती. "माझी आई," ती हळूच म्हणाली. "अगो, ही माझी आई गातेय."

"पुन्हा," सिनू म्हणाली. मुनिबाने पुन्हा म्हटलं. मग सिनू आपाकडे वळली. "युला! म्हणजे मी एवढी वर्षं चुकीचं गाते?"

"मग! तुला शिकवलं कुणी? मला लग्नात चहाला पाठवायचे."

शाहबाजला हसू फुटलं, मलाही फुटलं, सिनू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. फक्त मुनिबा हसत नव्हती. हसणं ओसरल्यावर ती सिनूसमोर जमिनीवर येऊन बसली, मांडीला मांडी लागेल अशी.

"ती कसं म्हणते?" तिने विचारलं. "ते घसरतं ते कुठे? दाखव मला."

सिनूने म्हणून दाखवलं. मुनिबाने म्हटलं, सूर सरळ वर गेला. "नाही, इथे सोडायचा," सिनू म्हणाली, "थोडा पडू द्यायचा." मुनिबाने पुन्हा म्हटलं. पुन्हा बरोबरच आलं. हव्वाबीने घडवलेला गळा, तो चुकायला तयार होईना. सिनू तिच्या हाताच्या तळव्यावर बोटाने दाखवत होती: इथपर्यंत, मग असं, मग वर. एक जगभर हिंडलेली गायिका आणि एक क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट, दोघी कपाळाला कपाळ लावून एका बेसूर जागेचा रियाझ करत होत्या. आणि मग एकदा ते आलं. मुनिबाचा आवाज वर जाता जाता घसरला, सावरला, वर पोचला. मेथी निवडणाऱ्या आपाचा आवाज अगदी. स्वतःच्या गळ्यातून तो निघालेला ऐकून मुनिबा दचकली. तिने तोंडावर हात धरला.

"दोघी मिळून माझी टर उडवता होय गो?" आपा म्हणाली, पण ते शेवटपर्यंत तिला म्हणता आलं नाही. ती उठून किचनमध्ये गेली. सिनू उठायला लागली, तर मुनिबाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. "मी जाते," म्हणाली.

आत काय झालं ते मला माहीत नाही. नळ बराच वेळ चालू होता. शाहबाजने आम्हाला सुलेमानी चहा करून दिला.

निघताना सिनूने एक गोष्ट सांगितली. ते गाणं ती नव्याने रेकॉर्ड करणार होती आणि त्यावर तिला जुलेखाचं नाव घालायचं होतं. मुलाखतीत ती नाव का घेत नव्हती, तेही म्हणाली: त्या लोकांनी तिची गोष्ट केली असती, वाळवंटातली आया आणि गोरी मुलगी, आणि तिला ते नको होतं. आपाने विचार केला. "नाव घालायचंच तर हव्वाबी घाल. गाणं तिचं, चूक तेवढी माझी." सिनूने मान हलवली. रेकॉर्डवर आता दोन्ही नावं आहेत. आपाचं ऐकतं कोण?

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. मुनिबा क्लिनिकमधून थेट, युनिफॉर्मवरच आली. हॉल छोटा, अंधारलेला, एसी जोरात. खरं सांगायचं तर आपाला अर्ध्यातच डुलकी लागली. तिच्या अंगावर मुनिबाने आपली शाल टाकली आणि डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. आपली गाणी ऐकत युला झोपलीय हे सिनूला वरून दिसलं असावं, कारण दोन गाण्यांच्या मध्ये ती एकदम हसली आणि पुढचं गाणं तिने फार हळू आवाजात म्हटलं.

सिनू आता आपल्या गावी असते. वर्षातून थोडे कार्यक्रम करते, बाकी वेळ इतरांसाठी लिहिते. मोठी स्टार म्हणतात तशी ती काही राहिली नाही आणि तिला त्याचं फारसं काही वाटतही नाही. मुनिबाला ती स्वतंत्र मेसेज करते, त्यात काय असतं ते दोघींनाच ठाऊक.

मी हल्ली संध्याकाळी ऑफिसमधून येते तेव्हा मायलेकी खालच्या बागेत बसलेल्या असतात. मुनिबा काहीतरी सांगत असते, हातवारे करून. मी एकदा जवळ जाऊन बसले. ती सांगत होती की दुसरीत असताना ती काजूच्या झाडावरून पडली आणि हात मोडला, हव्वाबीने तिला पाठुंगळी घेऊन होडीत बसवलं, पलीकडच्या डॉक्टरकडे नेलं, आणि प्लास्टर ओलं असतानाच मुनिबाने त्यावर कोळशाने मासा काढला. आपा हे सगळं नव्याने ऐकत होती.

"मग? डॉक्टर ओरडला?"

"खूप."

"आणि मासा कुठला काढलास?"

एवढं मुनिबाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बांगडा," ती म्हणाली आणि तिने मोडलेला तो हात आईच्या मांडीवर ठेवला, नेमकं कुठे मोडला होता ते दाखवायला.